गायरानावरची वीज आणि सात-बाऱ्यावर नसलेली माणसे

यंदाच्या हिवाळ्यात आमच्या गावच्या गायरानावरचा सौर प्रकल्प ग्रिडला जोडला गेला. गाव धाराशिव जिल्ह्यातले आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा प्रश्न एका गावाचा नाही आणि एखाद्या तलाठ्याचा किंवा सरपंचाचाही नाही. सकाळी अकराच्या सुमारास कंपनीच्या इंजिनिअरांनी फोनवरून उपकेंद्राची परवानगी घेतली, ब्रेकर टाकला आणि 'लाईन चार्ज झाली' असे ओरडून सांगितले. नारळ फुटला, पेढे वाटले, सरपंचांनी सेल्फी काढली. आम्ही कुंपणाच्या बाहेर उभे होतो. आमच्या शेजारी आमची थोरली आत्या उभी होती. कुंपणाच्या आत, तिसऱ्या रांगेतल्या पॅनलखाली, ती पस्तीसहून जास्त वर्षे तूर आणि ज्वारी पेरत आली होती.

आत्याने एकच प्रश्न विचारला. "लेकरा, तू सभंत बोललास तवा गट नंबर इचारला व्हतास का?"

विचारला नव्हता. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. सुरुवात आमच्याच चुकीपासून करावी लागेल, कारण दुसऱ्यांना जाब विचारणाऱ्याने आधी आपला जबाब दिला पाहिजे.

ग्रामसभेत आम्ही काय बोललो

दोन वर्षांपूर्वी ग्रामसभेत विषय आला. गावाजवळच्या उपकेंद्राला जोडून पाच मेगावॅटचा सौर प्रकल्प होणार, शेतीला दिवसा वीज मिळणार, ग्रामपंचायतीला अनुदान मिळणार, त्यासाठी गायरान द्यायचे. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले आहे, वस्तीवर अभ्यासिका चालवतो, बचत गटांची कामे बघतो. साहजिकच आम्हाला बोलायला उभे केले. आम्ही बोललो, आणि चांगले बोललो. रात्री दोन वाजता मोटार चालू करायला गेलेल्या शेतकऱ्याला साप चावतो, हे सांगितले. दुष्काळी जिल्ह्याकडे पाऊस नसला तरी ऊन आहे, हे सांगितले. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते, तेव्हा देशाच्या वीज धोरणाचा पाया त्यांनी घातला, हेही अभिमानाने सांगितले. टाळ्या पडल्या. ठराव मंजूर झाला. ठरावात 'गावच्या मालकीची पडीक गायरान जमीन' एवढेच लिहिले होते. गट नंबर कोणी वाचला नाही आणि आम्हीही मागितला नाही.

गायरानाचा तो गट एकतीस एकरांचा आहे. त्यातले बावीस एकर प्रकल्पाला गेले. त्या बावीस एकरांत आमच्या भीमनगरातली आणि मातंग वस्तीतली मिळून बारा कुटुंबे सुमारे सतरा एकर कसत होती. कोणाचा दीड एकर, कोणाचा एक, आत्याचे दोन. सगळ्या गावाला हे माहीत होते, आम्हालाही माहीत होते. पण आमच्या डोक्यात 'गायरान' म्हणजे पलीकडचा माळ होता. आत्याचे शेत म्हणजे 'आत्याचे शेत' होते. कागदावर ते दोन्ही एकच आहेत, हे शिकलेल्या माणसाच्या लक्षात आले नाही.

पडीक हा शब्द कुठून आला? पंचनाम्यातून. पंचनामा मे महिन्यात झाला होता. आपल्या भागात कोरडवाहू शेत मे महिन्यात कसे दिसते हे कोणत्याही शेतकऱ्याच्या पोराला विचारा. पाटलाचे असो की आमचे, सगळेच पडीक दिसते. पाटलाच्या पडीक शेताला सात-बारा असतो म्हणून ते शेत राहते. आमच्या शेताला सात-बारा नसतो म्हणून ते पडीक ठरते.

हे अतिक्रमण कुठून आले

काही मित्र म्हणतील, गायरान ही जनावरांच्या चाऱ्याची राखीव जमीन. तिच्यावर नांगर घालणे हे अतिक्रमणच. मग रडता कशाला?

याचे उत्तर थोडे मागे जाऊन द्यावे लागते. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला बाबासाहेब आपल्याच जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला आले होते. त्या वेळी आसपासचा मुलूख निजामाचा होता. परिषद होती महार-मांग वतनदारांची. वतन म्हणजे काय, तर गावाची चोवीस तासांची चाकरी आणि तिच्या बदल्यात जमिनीचा एक तुकडा आणि बलुते. तुकडा इतका लहान की पोट भरू नये, आणि इतका खरा की माणूस गाव सोडून जाऊ नये. बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. जमिनीच्या नावाखाली गुलामी पदरात टाकणारी ही व्यवस्था त्यांना मोडायची होती. आमच्या जातींच्या वाट्याला जमीन आली ती अशी, बेडीसोबत.

बेडी गेली, तुकडाही बहुतेकांचा गेला. मग माणसाने जगायचे कशावर? बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या भाषणात खेड्यातल्या भूमिहीनांसाठी जीव तोडून चिंता व्यक्त केली होती. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी मराठवाड्यात १९५३ साली, पुढे १९५९ साली आणि मग ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्याची मुख्य मागणी. लाखो माणसे तुरुंगात गेली. त्यात बायका होत्या, कडेवरची पोरे होती. मराठवाड्यात पुढे अ‍ॅड. एकनाथ आवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी गायरानाचा लढा गावोगाव नेला. त्या लढ्यात पिके जाळली गेली, वस्त्यांवर बहिष्कार पडले. गायरानावरचा आमचा नांगर हा चोरीचा नांगर नाही. तो चळवळीचा नांगर आहे.

आणि शासनाने तो मान्यही केला आहे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने, मागासवर्गीय भूमिहीनांनी १४ एप्रिल १९९० पूर्वी शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. तारीख पाहा. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची सुरुवात. तेव्हापासून तीस वर्षांहून जास्त काळ गेला. किती जणांचे नाव सात-बाऱ्यावर चढले, ते आपापल्या गावात जाऊन मोजा.

सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल गायरानाच्या बाबतीत नेहमी आमच्या तोंडावर फेकला जातो. गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणे हटवा, असे तो म्हणतो हे खरे. पण त्याच निकालाने अपवाद सांगितले आहेत. शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टे दिले असतील, तिथे नियमितीकरण होऊ शकते. २०२२ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरची अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले आणि राज्यभर नोटिसा निघाल्या, तेव्हा हा अपवाद किती नोटिसांत लिहिला होता? आमच्या वस्तीला आलेल्या नोटिशीत नव्हता.

आणि जनावरांचा प्रश्न म्हणाल तर एवढेच विचारतो. सौर पॅनलखाली गावची गुरे चरतात का? तारेचे कुंपण, आत मुरूम, गेटवर कुलूप. भूमिहीनाने तूर पेरली तर गायरान बुडते आणि कंपनीने लोखंड पेरले तर गायरानाचा विकास होतो. हा न्याय कोणता?

ग्रिड म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ

आमच्या चळवळीत विजेवर फारसे लिहिले जात नाही. म्हणून दोन शब्द.

पॅनलमध्ये तयार होते ती डीसी वीज. ती तशीच तारेत सोडता येत नाही. इन्व्हर्टर तिची एसी करतो, ट्रान्सफॉर्मर तिचा दाब वाढवतो, आणि मग ती उपकेंद्रातून ग्रिडमध्ये जाते. जोडताना तीन गोष्टी जुळाव्या लागतात. दाब जुळला पाहिजे, फेजचा क्रम आणि त्यांचे चढ-उतार जुळले पाहिजेत, आणि वारंवारता जुळली पाहिजे. सगळ्या देशाची वारंवारता एकच, सेकंदाला पन्नास. आपल्या शेजारच्या सोलापूरपासून रायचूरपर्यंतची ७६५ केव्हीची लाईन ३१ डिसेंबर २०१३ ला जोडली गेली आणि दक्षिणेचे ग्रिड उरलेल्या देशाला मिळाले. त्या दिवसापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच ग्रिड आहे. आमच्या माळावरचा इन्व्हर्टर सकाळी जागा होतो तेव्हा आधी ग्रिडची नाडी बघतो, तिच्याशी आपली नाडी जुळवतो आणि मगच वीज सोडतो. ग्रिड बंद पडले तर तो स्वतःही बंद होतो. नाही तर तारेवर काम करणारा वायरमन मरेल.

म्हणूनच प्रकल्प झाल्यावर पहिल्याच आठवड्यात भर दुपारी वस्तीत वीज गेली तेव्हा पोरे चक्रावली. बाजूला एवढा कारखाना, वर एवढे ऊन, आणि घरात पंखा बंद? आम्ही समजावून सांगितले. प्रकल्प आपल्या माळावर आहे म्हणून वीज आपल्या घरची होत नाही. वीज ग्रिडची असते. ग्रिडमधून ती ज्याच्याकडे मीटर आहे, जोडणी आहे, त्याच्याकडे जाते.

आपल्या जिल्ह्यात अशा जोडण्या लहानही आहेत आणि फार मोठ्याही. कौडगावच्या एमआयडीसीत महानिर्मितीचा ५० मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. त्याहून मोठे काम कळंबचे. धाराशिव परिसरातली १,००० मेगावॅट नवी वीज देशाच्या ग्रिडमध्ये नेण्यासाठी तिथे ४००/२२० केव्हीचे उपकेंद्र उभे राहिले आणि परळी-पुणे ही ४०० केव्हीची लाईन तोडून त्या उपकेंद्रात आत-बाहेर नेण्यात आली. आपल्या उन्हाची आणि वाऱ्याची वीज क्षणात पुण्याकडे जाऊ शकते, ती या जोडणीमुळे. २०१८ साली नीती आयोगाने देशातल्या मागास जिल्ह्यांची 'आकांक्षित' म्हणून यादी केली, त्यात आपला जिल्हा आहे. दर वर्षी दसऱ्या-दिवाळीनंतर इथली हजारो कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर जातात. माणसे जातात तशी आता वीजही जाणार आहे. विजेच्या जाण्याला आमचा विरोध नाही. पण निदान माणसांच्या जाण्याइतकी तरी तिची चर्चा व्हायला हवी.

जोडणीसाठी कायदा, आणि जोडणीविना माणसे

आता या जोडणीमागचा कायदा पाहा. विजेची उच्चदाब लाईन शेतातून न्यायची असेल तर मालकाची संमती लागतेच असे नाही. वीज कायदा २००३ चे कलम १६४ सरकारला अधिकार देते की लाईन टाकणाऱ्याला १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातले हक्क द्यावेत. कोणी आडवे आले तर जिल्हा दंडाधिकारी आदेश काढू शकतो. भरपाईचा वाद जिल्हा न्यायालयात. म्हणजे इंग्रजांनी तारायंत्रासाठी केलेला कायदा आज सौरऊर्जेसाठी कामाला येतो. जून २०२४ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने भरपाईचे नवे निर्देश दिले. टॉवरच्या पायाखालच्या जमिनीसाठी तिच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के. सुधारणा चांगलीच आहे. पण मिळणार कोणाला? जमीन ज्याच्या नावावर आहे त्याला. त्या शेतात सालाने राबणाऱ्याला, बटईने कसणाऱ्याला, गायरानावर चाळीस पावसाळे काढलेल्याला नाही.

ग्रिडची जोडणी अडू नये म्हणून राज्याने दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा शोधून काढला. माणसाची जमिनीशी जोडणी व्हावी म्हणून स्वतःच काढलेला तीस वर्षांपूर्वीचा निर्णय मात्र राज्याला सापडत नाही. तांत्रिक अडचण कुठे आहे? कुठेच नाही. अडचण मनात आहे, आणि ते मन जातीचे आहे.

आता आकडे मांडू. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० ही २०२३ साली आली. उद्दिष्ट १६,००० मेगावॅटचे. शेतीच्या फीडरला जवळच्या सौर प्रकल्पातून दिवसा वीज द्यायची, ही कल्पना उत्तम आहे. आम्ही आजही तिच्या बाजूचे आहोत. या योजनेत खासगी जमीन भाड्याने घेतली तर शेतकऱ्याला हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये मिळतात आणि दर वर्षी त्यात ३ टक्के वाढ. एकरी धरले तर पन्नास हजार. सरकारी जमीन असेल तर ती नाममात्र भाड्याने जाते. प्रकल्प झालेल्या ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तीन वर्षे.

आपल्या भागात एक मेगावॅटचा प्रकल्प वर्षाला साधारण पंधरा लाख युनिट वीज देतो. पाच मेगावॅटची झाली पंचाहत्तर लाख युनिट. युनिटला तीन रुपयांच्या आसपास दर धरला तरी वर्षाला सव्वादोन कोटींची वीज. प्रकल्प पंचवीस वर्षे चालणार. पंचायतीला मिळणार तीन वर्षांत पंधरा लाख.

आणि आत्याला? आत्याच्या दोन एकरांवर तिचे नाव असते तर वर्षाला एक लाख रुपये घरबसल्या आले असते. तिची तूर कोणत्याही सालात लाखाची झाली नाही. म्हणजे ज्या प्रकल्पाने तिचे शेत घेतले, तोच प्रकल्प तिला गरिबीतून वर काढू शकत होता. ऊन तेच, पॅनल तेच, ग्रिड तेच. फरक सात-बाऱ्यावरच्या एका ओळीचा. जमीन पाटलाची असती तर त्याच्या घरी करारपत्र आले असते. आमच्या घरी नोटीस आली.

दुसरा फरक आणखी बारीक आहे. दिवसाची वीज कोणाला? कृषिपंप असणाऱ्याला. कृषिपंपाची जोडणी कोणाला? सात-बारा आणि विहीर-बोअर असणाऱ्याला. म्हणजे भूमिहीनाच्या पायाखालची जमीन काढून तयार केलेली वीज जमीनवाल्याच्या मोटारीला जाते. दिवसा पाणी देता येते म्हणून गावातले लोक खूश आहेत, आणि त्यांनी असावे. त्यांच्यातला लहान शेतकरी आमचा शत्रू नाही. पण या सुखाचा हिशेब कोणाच्या खात्यातून वळता झाला, हे त्यांनाही कळले पाहिजे.

पत्र्याची पेटी

ठरावानंतर सहा महिन्यांनी मोजणीचे दगड आत्याच्या बांधात रोवले गेले, तेव्हा आम्ही जागे झालो. बारा घरांत जाऊन पत्र्याच्या पेट्या उघडल्या. त्यांत काय सापडले? दंडाच्या पावत्या. अतिक्रमण केले म्हणून तहसीलने वेळोवेळी जो दंड घेतला, त्याच्या पावत्या. कोणाची १९८४ ची, कोणाची १९८८ ची, काही उंदरांनी कुरतडलेल्या. ज्या कागदाने शिक्षा झाली तोच आज हक्काचा पुरावा, कारण १४ एप्रिल १९९० पूर्वी आम्ही तिथे होतो हे सरकारनेच पावती फाडून लिहून दिले आहे. गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, तिचा उतारा मागितला. तो मिळायला चार महिने आणि माहिती अधिकाराचे दोन अर्ज लागले. बारापैकी सात नावे त्यात आहेत. ठराव मांडणाऱ्यांनी ती वही उघडली असती तर 'पडीक' हा शब्द लिहिताच आला नसता. आम्ही उघडायला लावली असती तरी लिहिता आला नसता.

आम्ही हरकती दिल्या, उपोषणाला बसलो, फेरपंचनामा मागितला. या वेळी ऑगस्टमध्ये. पंचांना तुरीतून चालवले. त्यातून एवढे झाले की कडेची चार शेते कुंपणाच्या बाहेर राहिली, तोंडी आश्वासनावर. आठ आत गेली. आत्याचे आत गेले. तिच्याकडे १९८८ ची पावती आहे, पण ती तिच्या मालकाच्या नावाची, आणि त्यावर मालकाचे नाव एका कागदावर एक आणि रेशन कार्डावर दुसरे. मामा जाऊन अठरा वर्षे झाली. वारस नोंद करायची तर मुळात नोंदच नाही. तिचा दावा कोणी फेटाळला नाही. तो 'विचाराधीन' आहे. आमच्या लोकांचे दावे फेटाळले जात नाहीत, ते विचाराधीन राहतात. फेटाळले तर निदान अपील करता येते.

कंपनीने गवत काढायला आणि पॅनल धुवायला चार बायका रोजंदारीवर घेतल्या. त्यात आत्याला विचारले होते. ती गेली नाही. म्हणाली, "माज्याच रानात मी रोजानं जाऊ व्हय?"

बाबासाहेबांची वीज

शेवटी त्या ग्रामसभेतल्या भाषणाकडे परत येतो, कारण त्यात आम्ही अर्धेच बाबासाहेब सांगितले होते.

२५ ऑक्टोबर १९४३ ला युद्धोत्तर पुनर्रचनेच्या वीजविषयक समितीसमोर अध्यक्ष म्हणून बाबासाहेब बोलले. वीज कशासाठी, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. भारतातला माणूस दारिद्र्याच्या चक्रातून सुटायचा असेल तर औद्योगिकीकरण हवे आणि त्यासाठी स्वस्त व मुबलक वीज हवी. म्हणून विजेची मालकी खासगी असावी की सरकारी, हा प्रश्नही त्यांनी तिथेच उभा केला. त्यांच्या कार्यकाळात केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. हे आम्ही सांगितले. पण १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी जे मांडले ते सांगितले नाही. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, आणि शेतजमीनही राज्याने घेऊन जात-धर्म न पाहता गावकऱ्यांना कसायला द्यावी, म्हणजे कोणी जमीनदार राहणार नाही, कोणी कूळ राहणार नाही आणि कोणी भूमिहीन मजूर राहणार नाही. बाबासाहेबांच्या विचारात वीज आणि जमीन हे दोन प्रश्न वेगळे नव्हते. आम्ही ते वेगळे केले. विजेवर टाळ्या घेतल्या आणि जमिनीवर गप्प बसलो.

त्यामुळे आमचे म्हणणे सौर प्रकल्प नको असे नाही. कोणी तसा अर्थ काढला तर तो आमच्यावर अन्याय होईल आणि बाबासाहेबांवरही. आमचे म्हणणे चार वाक्यांचे आहे.

एक, गायरानावर प्रकल्पाचा ठराव येईल त्या ग्रामसभेत गट नंबर आणि गाव नमुना १-ई मोठ्याने वाचला गेला पाहिजे. वाचला नाही तर ठराव होऊ देऊ नका.

दोन, १४ एप्रिल १९९० पूर्वीच्या दाव्यांचा लेखी निकाल आधी, भाडेपट्टा नंतर. पंचनामा पेरणीनंतर आणि कसणाऱ्याच्या समोर.

तीन, गावाच्या गरजेसाठी ती जमीन खरोखरच लागणार असेल तर कसणाऱ्या कुटुंबाला तेच भाडे द्या जे सात-बारावाल्याला मिळते. हेक्टरी सव्वा लाख, प्रकल्प असेपर्यंत, आणि नोंद घरातल्या बाईच्याही नावाने.

चार, पंचायतीला येणारे पाच लाख कुठे खर्च करायचे ते ज्या वस्तीची शेते गेली तिने ठरवायचे.

आपल्या शिकलेल्या भावा-बहिणींना एक विनंती. गावात असा विषय आला की भाषणाला उभे राहण्याआधी तलाठी कार्यालयात जा. आपल्या पत्र्याच्या पेट्या उघडा, दंडाच्या पावत्यांचे फोटो काढून ठेवा, नावातल्या चुकांची प्रतिज्ञापत्रे आताच करून घ्या. म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांचे जबाब लिहून घ्या. आमच्या आत्यासाठी आम्ही हे दोन वर्षे उशिरा केले.

तिचा दावा पुढच्या महिन्यात पुन्हा सुनावणीला आहे. आम्ही जाणार आहोत. या वेळी गट नंबर पाठ आहे.

जय भीम. जय संविधान.